वाचकांचे प्रश्न : नॅरोगेजवरचा बर्फ कसा हटवतात?

एप्रिलच्या अंकात जगातल्या जुन्या नॅरोगेज, म्हणजे रुळांमधले अंतर कमी असलेल्या, रेल्वेमार्गांवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातील बर्फ उडवणाऱ्या एका यंत्राचे छायाचित्र होते, आणि त्या एका छायाचित्रावर आलेली पत्रे बाकी सगळ्या लेखावर आलेल्या पत्रांपेक्षा जास्त भरली. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि बर्फ म्हटले की रसवंतीवाल्याची पोत्यात गुंडाळलेली लादी आठवते, अशा भागातून हे प्रश्न यावेत याचे प्रथम नवल वाटले. परंतु पत्रे मूर्तिजापूर, दारव्हा, कारंजा, अचलपूर, आर्वी, नागभीड अशा गावांची आहेत हे पाहिल्यावर उलगडा झाला, कारण या गावांनी पिढ्यानपिढ्या नॅरोगेजवर प्रवास केला आहे. पत्रलेखकांची नावे न देता निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी शकुंतलेच्या (यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज गाडीच्या) मार्गावर रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आपण छापलेल्या छायाचित्रातील यंत्राला चिमणी आहे, बॉयलर आहे, मागे कोळशाचा टेंडरही जोडलेला दिसतो. म्हणजे ते इंजिनच झाले. मग त्याच्या मागे आणखी दोन इंजिने कशासाठी लावली आहेत? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : आपण छायाचित्र रेल्वेच्या माणसाच्या नजरेने पाहिले आहे. इंजिनाला लागणारे बहुतेक सगळे साहित्य या यंत्रात आहे, परंतु बॉयलरमधली वाफ त्याची रुळांवरची चाके फिरवण्यासाठी वापरलेलीच नाही. ती सगळी वाफ तोंडाशी बसवलेले अवाढव्य चक्र फिरवण्यात खर्च होते. यंत्र स्वतः जागचे हलू शकत नाही, त्याला मागची इंजिने ढकलतात. याला रोटरी असे म्हणतात.

कामाची अशी वाटणी करण्यामागे चांगले कारण आहे. बर्फ खोल आणि घट्ट असला की चक्र पूर्ण वेगाने फिरत राहिले पाहिजे आणि गाडी मात्र माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू पुढे सरकली पाहिजे. बर्फ भुसभुशीत लागला तर याच्या उलट चक्रावर भार कमी पडतो आणि गाडी थोडी जोरात नेता येते. ही दोन्ही कामे स्वतंत्र इंजिनांकडे असल्यामुळे एकाचा वेग दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. ढकलणाऱ्यांनी अधिक जोर लावला तर चक्र बर्फात रुतून बंद पडते, म्हणून रोटरीवरचा माणूस शिट्टीच्या ठरलेल्या खुणांनी मागच्या ड्रायव्हरांना चला, थांबा, मागे घ्या असे सांगत असतो. मागच्या ड्रायव्हरांना समोरचे काहीच दिसत नाही; त्यांच्यापुढे रोटरीची पाठ, धूर आणि उडालेला बर्फ एवढेच असते. रोटरीच्या पुढच्या खिडक्याही बर्फाने लिंपल्या जातात, त्यामुळे पुष्कळदा सगळी गाडी अंदाजावर आणि कानावर चालते.

चक्राची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. मधल्या आसापासून काठापर्यंत पोलादी पत्र्याचे निमुळते कप्पे बसवलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याच्या उघड्या तोंडाशी कापणारी पाती असतात. पाती बिजागरीवर असल्यामुळे चक्र डावीकडून फिरवले काय किंवा उजवीकडून फिरवले काय, ती बर्फाच्या दाबानेच योग्य बाजूला कलतात. कापलेला बर्फ कप्प्यात शिरतो, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जातो आणि वरच्या पोलादी टोपातल्या तोंडातून लांब जाऊन पडतो. या तोंडाची दिशा बदलता येते. दरी कोणत्या बाजूला आहे आणि वारा कुठून वाहतो हे पाहून बर्फ कुठे टाकायचा ते ठरवावे लागते, नाहीतर टाकलेला बर्फ वाऱ्याबरोबर परत रुळांवर येतो किंवा शेजारच्या तारांवर जाऊन पडतो.

या यंत्राची मूळ कल्पना कॅनडातल्या टोरांटो शहरातील जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याची. त्यांनी १८६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. (दंतवैद्याला फिरत्या पात्याची कल्पना सुचावी, यात आम्हांला फारसे आश्चर्य वाटत नाही.) पेटंट तसेच पडून राहिले. पुढे १८८० च्या दशकात ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल यांनी नवा आराखडा केला, त्याच गावच्या लेस्ली बंधूंनी तो सुधारून चालता केला आणि अमेरिकेतल्या पॅटरसन येथील कुक कारखान्यात ही यंत्रे तयार होऊ लागली. आपण पाहिलेल्या छायाचित्रातील यंत्र ज्या जोडीतले आहे, तिच्यापैकी ‘ओएम’ हे यंत्र १८८९ चे आणि ‘ओवाय’ हे १९२३ चे आहे. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या कंपनीच्या तीन फुटी नॅरोगेजवर, कंब्रेस खिंडीतला मार्ग मोकळा ठेवणे हे त्यांचे काम होते. ही खिंड समुद्रसपाटीपासून १०,०१५ फूट, म्हणजे सुमारे ३,०५३ मीटर उंचीवर आहे. आपल्या चिखलदऱ्याच्या अडीच पटींहूनही ती उंच भरते.

प्रश्न : आठवीच्या विद्यार्थ्यांनी वर्गात विचारले की इंजिनाच्या पुढे एक मोठे तिरपे पाते बसवले तर बर्फ आपोआप बाजूला होईल, मग एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राची गरज काय? त्यांचे समाधान करता आले नाही. (एक शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि रेल्वे कंपन्यांनीही आधी हेच केले. इंजिनाच्या पुढच्या काऊकॅचरच्या (रुळांवरचा अडथळा बाजूला सारणाऱ्या जाळीच्या) जागी पोलादी पत्र्याचा पाचरीसारखा नांगर बसवतात. ताज्या, फूट-दोन फूट बर्फासाठी तो पुरेसा होतो आणि कंब्रेसच्या मार्गावरची इंजिने हिवाळाभर असे नांगर लावूनच धावत असत. बर्फ त्याहून जास्त साचला की वेगळ्या गाडीवर बसवलेला मोठा नांगर पुढे घालून, मागून दोन-तीन इंजिने जोडून, लांबून वेगाने येऊन बर्फाच्या ढिगाला धडक देत. अडले की मागे यायचे आणि पुन्हा धडक द्यायची.

यात दोन अडचणी येतात. पहिली धोक्याची आहे. वाऱ्याने दाबलेला किंवा दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ दगडासारखा कठीण होतो. अशा थरावर आदळलेला नांगर त्यात घुसण्याऐवजी त्याच्यावर चढतो आणि रूळ सोडतो. नॅरोगेजवर इंजिन वजनाने हलके आणि रुळांमधले अंतर कमी असल्यामुळे ही भीती अधिक. ब्रॉडगेजच्या रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते, कंब्रेसच्या रुळांत ९१४ मिलिमीटर आणि आपल्या शकुंतलेच्या रुळांत ७६२. एवढ्याशा पायावर डब्याची रुंदी मात्र रुळांमधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त असते, हे शकुंतलेने प्रवास केलेल्यांना सांगायला नको.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल. नांगर बर्फ नाहीसा करत नाही, फक्त बाजूला सारतो. डोंगर फोडून केलेल्या खोदाईतून रूळ जात असतील तर सारलेला बर्फ दोन्ही बाजूंना भिंतींसारखा उभा राहतो. पुढचा हिमवर्षाव झाला की तो बर्फ सारायला जागा उरत नाही. भिंती उंच होत जातात, मार्ग अरुंद होत जातो आणि अखेर इंजिन त्या भिंतींमध्ये अडकते. म्हणून बर्फ सारण्याऐवजी तो उचलून भिंतीपलीकडे फेकणारे यंत्र लागते, आणि ते काम रोटरी करते. ती रोज बाहेर काढण्याची वस्तू नव्हे. नांगराने काम भागेनासे झाल्यावरच तिची पाळी येते, कारण तिला बाहेर काढायचे तर दोन इंजिने, भरपूर कोळसा, पाणी, मजुरांचा डबा, स्वयंपाकाचा डबा आणि अनेक माणसांचा रोजगार एवढा सगळा लवाजमा बरोबर न्यावा लागतो.

प्रश्न : पुलगाव–आर्वी गाडीत आम्ही लहानपणी बसलो आहोत. रूळ तर जमिनीच्या वर असतात. रुळांच्या माथ्यावरचा बर्फ निघाला म्हणजे गाडी गेली पाहिजे. दोन रुळांच्या मध्ये राहिलेल्या बर्फाने काय बिघडते? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : या प्रश्नाबद्दल आपले विशेष आभार मानतो, कारण रोटरीच्या देखण्या फवाऱ्यापुढे ज्या साहित्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, त्याकडे हा प्रश्न नेतो. आमच्या मते बर्फाळ नॅरोगेज चालू राहिली ती मुख्यतः या साहित्यामुळे.

आगगाडीचे चाक रुळाच्या माथ्यावर टेकते, पण ते रुळावर टिकून राहते ते आतल्या बाजूच्या कडेमुळे, जिला रेल्वेतली माणसे फ्लँज म्हणतात. ही कड रुळाच्या माथ्याखाली साधारण इंचभर उतरलेली असते आणि रुळाला आतून घासत चालते. म्हणजे प्रत्येक रुळाच्या आतल्या अंगाला, माथ्याच्या खाली, मोकळी खाच असणे आवश्यक आहे. इंजिनाचा नांगर रुळाच्या माथ्याला लागू नये म्हणून थोडा वर ठेवलेला असतो, त्यामुळे तो ही खाच साफ करू शकत नाही. तिच्यात राहिलेला बर्फ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली दाबला जातो, रात्री गोठतो आणि एक-दोन दिवसांत टणक होतो. मग चाकाची कड खाचेत न उतरता त्या गोठलेल्या थरावर चढते, चाक इंचभर उचलले जाते आणि वळणावर असलेला डबा सरळ बाहेर जातो. भरलेला मालडबा वजनाने बर्फ चिरडून जाईलही. रिकामा, हलका नॅरोगेज डबा मात्र अलगद वर चढतो.

यावर उपाय म्हणून फ्लँजर नावाची गाडी वापरतात. दिसायला तो एक लहानसा, जड केलेला डबा असतो. त्याच्या पोटाखाली दोन रुळांच्या मधोमध आडवे पाते बसवलेले असते आणि पात्याच्या दोन्ही टोकांना रुळाच्या आतल्या खाचेत उतरणारे भाग असतात. इंजिनाच्या लगेच मागे हा डबा जोडला की नांगराने वरचा बर्फ सारावा आणि फ्लँजरने खालचा खरडून बाहेर काढावा, अशी जोडी जमते. नेहमीच्या गाडीबरोबरच ती चालवता येते, वेगळी गाडी काढावी लागत नाही.

या कामात खरे कौशल्य पाते वेळेवर वर उचलण्यात आहे. रुळांच्या मध्ये जिथे जिथे काही आडवे येते तिथे ते उचललेच पाहिजे: गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या काट्यांवर, फाटकातल्या फळ्यांवर, पुलावरच्या जादा रुळांवर. दाबलेल्या हवेच्या जोरावर पाते वर-खाली होते आणि ते काम डब्यात बसलेला माणूस करतो. पण बर्फाखाली फाटक कुठे आणि काटा कुठे हे त्याला दिसणार कसे? म्हणून रुळाच्या कडेला उंच खांबावर खुणेच्या पाट्या लावलेल्या असतात. पाटी दिसली की पाते वर घ्यायचे, अडथळा ओलांडला की खाली सोडायचे. क्षणभर उशीर झाला तर फाटकाच्या फळ्या उखडल्या जातात, आणि नशीब खोटे असेल तर डबाही. कंब्रेसच्या मार्गावर अशा पाट्या उन्हाळ्यात सहलीला जाणाऱ्या प्रवाशांना आजही दिसतात. बहुतेकांना त्या कशासाठी आहेत ते कळत नाही.

प्रश्न : रोटरी म्हणजे आमच्या सोयाबीनच्या थ्रेशरसारखाच प्रकार दिसतो, आत घ्यायचे आणि कुटार दूर फेकायचे. थ्रेशरमध्ये दगड किंवा लाकूड गेले की काय होते ते आम्हांला ठाऊक आहे. रोटरीत दगड गेला तर? (एक शेतकरी, कारंजा लाड, जि. वाशीम)

उत्तर : तुलना अगदी चपखल आहे आणि परिणामही तोच होतो: पाती मोडतात, कप्पे वाकतात. आकाशातून पडलेला आणि वाऱ्याने आणलेला बर्फ रोटरी कापू शकते. पण डोंगरउतारावरून सुटलेला हिमलोट येताना झाडे, ओंडके आणि धोंडे घेऊन येतो. अशा ढिगाऱ्यात रोटरी घालणे म्हणजे यंत्र मोडून घेणे होय.

कोलोराडोतल्याच दुरांगो–सिल्व्हर्टन मार्गावर ही अडचण नेहमीची होती. तिथे रूळ ॲनिमास नदीच्या अरुंद दरीतून जातात आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून हिमलोट थेट रुळांवर उतरतात. अशा वेळी फावडी, कुऱ्हाडी आणि शेकड्यांनी मजूर हाच मार्ग होता. ओंडके हातांनी शोधून काढायचे, कापायचे, आणि ढीग स्वच्छ झाला अशी खात्री पटल्यावरच यंत्र पुढे न्यायचे. सिल्व्हर्टन हे चांदीच्या खाणींचे गाव या रेल्वेवर सर्वस्वी अवलंबून होते. मार्ग बंद पडला की पीठ, कोळसा, टपाल सगळेच थांबायचे.

प्रश्न : ‘ओएम’ आणि ‘ओवाय’ ही कोणाच्या नावांची आद्याक्षरे आहेत का? (एक विद्यार्थिनी, यवतमाळ)

उत्तर : नाही. त्या काळी स्थानकांमधला सगळा कारभार तारेने चाले. इंजिनांना आणि डब्यांना आकडे असत, म्हणून मार्गाच्या देखभालीच्या साहित्याला दोन-दोन अक्षरे दिली की तारेत घोटाळा होत नसे. फ्लँजरांनाही अशीच अक्षरे होती.

प्रश्न : रेल्वेत कोणतेही साहित्य आठ महिने नुसते उभे राहिले की वरिष्ठ त्याचा जाब विचारतात. ही बर्फाची यंत्रे उन्हाळ्यात काय करतात? (माजी मुकादम, नागभीड, जि. चंद्रपूर)

उत्तर : रोटरी शेडमध्ये उभी राहते, तिच्याकडून दुसरे काम होत नाही. फ्लँजरचेही तेच. बारमाही उपयोगाचे यंत्र एकच, आणि आपल्यासारख्या काळ्या मातीत रूळ सांभाळलेल्या माणसाला ते नक्की आवडेल. त्याचे नाव जॉर्डन स्प्रेडर.

हा एक जड डबा असून त्याच्या दोन्ही अंगांना दारासारखी उघडणारी मोठी पोलादी पाती असतात. दाबलेल्या हवेने ती हव्या तेवढ्या कोनात बाहेर काढतात. हिवाळ्यात रोटरी एकदा आपली अरुंद वाट कापून गेली की मागून स्प्रेडर जातो आणि पाती पसरून दोन्ही बाजूंच्या भिंती लांब ढकलतो, म्हणजे पुढच्या हिमवर्षावासाठी जागा होते. बर्फ वितळला की त्याच पात्यांनी रुळांच्या कडेच्या नाल्या साफ करायच्या, भराव सारखा करायचा, टाकलेली खडी पसरायची. पाणी रुळाखाली मुरले की भराव बसतो, हे आपल्याकडे पावसाळ्याने शिकवले. तिकडे तेच काम वितळणारा बर्फ करतो. त्यामुळे नाल्या मोकळ्या ठेवणारे यंत्र आणि बर्फ सारणारे यंत्र एकच असणे हा मोठा शहाणपणा होता, विशेषतः ज्या नॅरोगेज कंपन्यांच्या तिजोऱ्या कायम अर्ध्या रिकाम्या असत त्यांच्यासाठी.

प्रश्न : शकुंतलेचे वाफेचे इंजिन सिमल्याच्या गाडीला लावले असते तर तिथल्या बर्फात चालले असते का? (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : रुळांचे माप जुळले असते. कालका–सिमला मार्ग आणि शकुंतला हे दोन्ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे आहेत. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या आणि १९९४ पर्यंत राबलेल्या आपल्या झेडडी जातीच्या इंजिनाला सपाट वऱ्हाडची सवय होती. कालका–सिमला मार्गाची चढण मात्र ३३ फुटांना एक फूट आहे, ती ९६ किलोमीटरभर जवळजवळ अखंड चढत जाते आणि वळणे अतिशय तीव्र आहेत. बर्फाच्या आधीच चढणीने आणि वळणांनी परीक्षा घेतली असती.

सिमल्याच्या बाजूला हिवाळ्यात बर्फ पडतो, पण तो कंब्रेससारखा मजल्या-मजल्यांनी साचत नाही. तिथे डिझेल इंजिनाच्या पुढे बर्फ सारणारे पाते लावले आणि गँगमनच्या हातात फावडी दिली की बहुतेक वेळा काम होते. रोटरी विकत घेऊन सांभाळण्याइतका बर्फ तिथे पडत नाही.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या लहान गाड्याही विजेवर चालतात असे वाचले. तिथे बर्फ काढायला वाफेचे यंत्र कशाला हवे? (मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : ज्या वेळी बर्फ काढायचा असतो, नेमकी त्याच वेळी विजेची खात्री नसते. हिमलोटाने खांब पडतात, तारा तुटतात. बर्निना मार्ग हा रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला रेल्वेमार्ग २,२५३ मीटर उंचीवरून जातो, दातेरी रूळ न वापरता दर हजार मीटरला ७० मीटर चढतो आणि १९१० पासून विजेवरच चालतो. तरीही त्यासाठी विंटरथूर येथील कारखान्याकडून १९१० आणि १९१२ मध्ये वाफेच्या दोन रोटऱ्या बनवून घेण्यात आल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की, मूर्तिजापूरच्या वाचकांनी विचारले त्याच्या उलट, त्या स्वतःच्या वाफेवर रुळांवरूनही चालू शकतात. तार तुटली आणि मागचे विजेचे इंजिन निकामी झाले तरी यंत्र डोंगरात अडकून पडू नये, हा त्यातला फायदा. दोघींपैकी पहिली, ९२१३ क्रमांकाची, आजही चालत्या स्थितीत आहे.

प्रश्न : एवढा खर्च करण्यापेक्षा हिवाळ्यात मार्ग बंद ठेवणे परवडणार नाही का? आमच्याकडे तर बर्फ नसतानाही गाडी बंद ठेवली जाते. (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुसऱ्या वाक्याचे उत्तर देणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. पहिल्याचे देता येते, आणि काही ठिकाणी खरोखर असेच केले गेले.

स्वित्झर्लंडमधला फुर्का खिंडीचा डोंगरी रेल्वेमार्ग हिवाळ्यात बंदच असे. तिथे स्टेफेनबाख नावाच्या ओढ्यावर हिमलोट इतके येत की पक्का पूल टिकेना. तेव्हा १९२५ मध्ये तिथे घडीचा पोलादी पूल बसवला. तो तीन भागांचा आहे. शरद ऋतू संपला की माणसे जाऊन तो सुटा करतात, त्याचे भाग दोन्ही काठांकडे ओढून दुमडून ठेवतात आणि हिमलोटांना मोकळी वाट देतात. उन्हाळा लागला की पुन्हा जोडतात. १९८२ मध्ये खालून लांब बोगदा झाल्यावर नियमित गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या, पण वरचा जुना मार्ग हौशी मंडळींनी पुन्हा सुरू केला आणि पुलाची ही उघडझाप अजूनही दरवर्षी होते.

पण हा उपाय प्रत्येक मार्गाला लागू पडत नाही. जिथे खाणी आहेत, जिथे गावाला दुसरा रस्ता नाही, तिथे मार्ग उघडा ठेवण्यातच कंपनीचे हित असते. शिवाय बर्फाचा एक स्वभाव आहे: रोज एक गाडी धावत राहिली तर साधा नांगर आणि फ्लँजर एवढ्यावर मार्ग मोकळा राहतो, आणि आठवडाभर गाडी गेली नाही तर तोच मार्ग रोटरीशिवाय उघडत नाही. म्हणजे वाहतूक घटली की बर्फ काढण्याचा दर गाडीमागचा खर्च वाढतो आणि खर्च वाढला की गाड्या आणखी कमी होतात. कंब्रेसवर हेच झाले. १९५१ मध्ये तिथली नियमित प्रवासी गाडी बंद पडली, मालगाड्याही विरळ होत गेल्या आणि १९६८ मध्ये कंपनीने मार्गच सोडून दिला. अलास्कातल्या स्कॅगवे गावाहून निघणाऱ्या व्हाइट पास मार्गाने वेगळा तोडगा काढला. १८९८ च्या रोटरीला तिथे १९६० च्या दशकात निवृत्त करून बर्फ काढण्याचे काम बुलडोझरांकडे सोपवले.

काही ठिकाणी बर्फ काढण्याऐवजी तो रुळांवर पडूच दिला नाही. लाकडाचे लांबलचक छप्पर घालून त्याखालून गाड्या नेल्या. कंब्रेसच्या माथ्यावर इंजिने वळवण्याच्या जागेवर असे छप्पर होते आणि त्याचा काही भाग अजून उभा आहे. पण लाकूड कुजते, बर्फाच्या वजनाने वाकते आणि इंजिनाच्या ठिणगीने पेट घेते. त्यामुळे ते फार लांबवर घालणे नॅरोगेज कंपन्यांना परवडण्यासारखे नव्हते.

प्रश्न : ही यंत्रे आज चालू स्थितीत पाहायला मिळतात का? परदेशी जाणे आमच्या ऐपतीत नाही, तरी माहिती असावी. (यवतमाळ)

उत्तर : कोलोराडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी १९७० मध्ये कंब्रेसच्या मार्गाचा ६४ मैलांचा तुकडा विकत घेतला आणि तो सहलीच्या गाड्यांसाठी जपला. गाड्या उन्हाळ्यात आणि शरदात धावतात, हिवाळ्यात मार्ग बंद असतो, त्यामुळे रोटरीची गरज एरवी पडत नाही. तरीही २०२० मध्ये ‘ओवाय’ दुरुस्त करून, मागे वाफेची दोन इंजिने लावून, खऱ्या बर्फात चालवण्यात आली आणि ते दृश्य टिपण्यासाठी जगभरचे छायाचित्रकार तिथे जमले. याच मार्गावरच्या, न्यू मेक्सिकोतल्या चामा येथील रेल्वेच्या आवारात फ्लँजर आणि स्प्रेडर उघड्यावर उभे असतात. स्वित्झर्लंडमध्ये बर्निनाची ९२१३ क्रमांकाची रोटरी हिवाळ्यातल्या खास फेऱ्यांना बाहेर काढतात. या सगळ्यांची चलचित्रे मोबाइलवर सहज सापडतात. ती आवाजासह पाहावीत, कारण शिट्टीच्या खुणा ऐकल्याशिवाय मागची इंजिने का थांबली आणि का निघाली ते समजत नाही.

जवळचे काही पाहायचे असेल तर नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जावे. ते २००२ मध्ये सुरू झाले. बर्फाचे साहित्य पाहण्यासाठी तिथे जाऊ नये. पण तिथल्या वाफेच्या नॅरोगेज इंजिनाच्या पुढच्या बाजूला उकिडवे बसून काऊकॅचरचे खालचे टोक आणि रुळाचा माथा यांत किती अंतर आहे ते पाहावे, आणि मग चाकाची आतली कड रुळाच्या कुठपर्यंत खाली उतरली आहे तेही पाहावे. आर्वीच्या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन जागांमध्ये आहे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांनाही खाली वाकून पाहू द्यावे.